वारसनोंद आणि ‘चहापाणी’

संपादक महोदय,

वडील गेले. सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायला सज्जावर गेलो, तर तलाठ्याच्या खुर्चीत भलताच माणूस. तलाठ्याचं काम परस्पर करणारा खासगी माणूस; आमच्याकडं त्याला ‘झिरो तलाठी’ म्हणतात. दर त्यानंच सांगितला.

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मोबाइलवर मिळतो, हे खरं. पण त्यावर नाव चढवणारा हात ओला केल्याशिवाय हलत नाही. फेरफार, म्हणजे ही नावबदलाची नोंद, अडला की पीककर्ज अडतं, विमा अडतो, अतिवृष्टीचं अनुदान मयताच्या नावावर लटकतं. मग सावकाराचं दार. सोयाबीन तर आधीच पाण्यात गेलेलं.

लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. विनाकारण उशीर केल्यास अधिकाऱ्याला दंड ५०० ते ५,००० रुपये. तेवढे तर एका फेरफारात सुटतात! उलट भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनं लाच देणाराही गुन्हेगार. बळजबरीनं दिली असेल तर सात दिवसांत कळवायचं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर सज्जाच्या भिंतीवर आहे, कॅलेंडरमागं.

मी अजून पैसे दिलेले नाहीत. नोंदही झालेली नाही.

– एक शेतकरी, जि. परभणी