बालवाडीत भाषा किती, यापेक्षा माणसं किती ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर ही शहरं सोडाच, आता तालुक्याच्या गावातही इंग्रजी नर्सरीच्या जाहिरातींनी भिंती भरल्या आहेत. प्रवेशाच्या वेळी पालकांना एक दाखला हमखास ऐकवला जातो: परदेशात तीन वर्षांचं पोर फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही बोलतं, मग तुमचं का नाही बोलणार? दाखला खोटा नाही. पण तिथल्या द्विभाषिक बालवाड्या हे कशाच्या जोरावर साधतात, ते कोणी सांगत नाही.

चांगल्या फ्रेंच-इंग्रजी बालवाडीत भाषेचा तास नसतो. एक बाई दिवसभर फ्रेंचच बोलते, दुसरी इंग्रजीच. अंगात स्वेटर घालताना, जेवण वाढताना, पडलेल्या मुलाला उचलून घेताना प्रत्येकीची भाषा ठरलेली असते. ‘एक व्यक्ती, एक भाषा’ ही पद्धत जुनी आहे. ज्यूल रोंजा या फ्रेंच भाषाभ्यासकाने आपल्या मुलाच्या फ्रेंच-जर्मन वाढीची नोंद १९१३ साली प्रसिद्ध केली, तेव्हापासून ती चर्चेत आहे. ती चालते, कारण मूल भाषा माणसाकडून उचलतं, फळ्यावरून उचलत नाही.

म्हणून तिथे आधी माणसं मोजतात. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक मोठं माणूस लागतं. तीन वर्षांपुढे आठ मुलांमागे एक, आणि पदवीधर शिक्षक स्वतः वर्गावर असेल तर तेरांमागे एक. फ्रान्सच्या पाळणाघरांत न चालणाऱ्या पाच किंवा चालणाऱ्या आठ मुलांमागे एक. फ्रान्समधल्या तीन वर्षांपुढच्या शाळांत वर्ग बरेच मोठे असतात हे खरं, पण तिथे शिक्षिकेच्या हाताशी सहसा मदतनीस असते. आपल्याकडेही राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाची खासगी प्ले-स्कूलसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत: वीस मुलांमागे एक शिक्षिका, शिवाय एक सांभाळणारी, आणि तीन वर्षांखालच्या मुलाला प्रवेश नाही. ही तत्त्वं किती पालकांनी पाहिली आहेत?

साधा हिशेब करून पाहा. तीन तासांची शाळा म्हणजे १८० मिनिटं. चाळीस मुलं आणि एकच बाई असेल, तर एका मुलाच्या वाट्याला जास्तीत जास्त साडेचार मिनिटं येतात. त्यातली निम्मी ‘बस खाली’, ‘गप्प बस’ यात जातात. वीस मुलं आणि दोन मोठी माणसं असली, तर हीच वाटणी अठरा मिनिटांवर जाते. भाषा कोणतीही असो, ती या मिनिटांतच येते. भिंतीवरचा मोठा टीव्ही ही उणीव भरून काढत नाही. अमेरिकी संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ सालच्या प्रयोगात इंग्रजी घरांतली नऊ-दहा महिन्यांची बाळं बारा बैठकांत समोरच्या माणसाकडून चिनी भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तेच पडद्यावर दाखवलं तेव्हा काहीच शिकली नाहीत.

दुसरी गोष्ट घरच्या भाषेची. कॅनडात माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट इथे १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांची बालवाडी पूर्ण फ्रेंचमधून सुरू झाली, आणि हा प्रयोग आजही यशाचा दाखला म्हणून सांगतात. पण तिथल्या शिक्षिकांना इंग्रजी समजत होतं आणि मुलांना सुरुवातीला इंग्रजीत उत्तर द्यायची मोकळीक होती. घरी तर इंग्रजीच होतं. पुढे दुसरीपासून इंग्रजी वाचन-लेखनही शाळेत आलं. म्हणजे नवी भाषा जुनीच्या जोडीला आली, जुनीला हाकलून आली नाही. आपल्याकडे पहिल्याच आठवड्यात ‘मराठी बोलायचं नाही’ असं बजावतात आणि मूल तोंडच उघडेनासं होतं. नवी भाषा ऐकणारं मूल काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतं. ते स्वाभाविक आहे. दोन भाषांची सरमिसळ करणं हेही गोंधळल्याचं लक्षण नाही. काळजी करायची ती दोन्ही भाषांत बोलणं आटलं तर.

मराठीबंदीचा पहिला फटका बसतो तो संडास-लघवीला. तीन वर्षांच्या मुलाला ‘मे आय गो टू वॉशरूम’ एवढं लांब वाक्य म्हटल्याशिवाय सोडत नाहीत. वाक्य जुळेपर्यंत चड्डी ओली होते, आणि दुसऱ्या दिवसापासून मूल पाणीच पीत नाही. लघवी दाबून ठेवल्याने जळजळ, शौच दाबून ठेवल्याने बद्धकोष्ठ. असं मूल पुढे डॉक्टरकडे जातं आणि कारण मात्र शाळेतच राहतं. भूक, तहान, शी-शू, दुखणं आणि रडणं या पाच गोष्टींना भाषेची अट घालूच नये. मूल ‘बाई, शूला जायचं’ म्हणालं की लगेच न्यावं, आणि जाता जाता बाईने इंग्रजीत दोन शब्द बोलावेत. इंग्रजी शिकवायची खरी जागा तीच.

इंग्रजीसाठी रोज वीस मिनिटं पुरतात, पण ती नीट हवीत. समोर खरी केळी ठेवा. सोला, कापा, वाटा आणि प्रत्येक कृतीसोबत ‘पील इट’, ‘कट इट’, ‘टेक वन’ एवढंच बोला. तीच पाच-सहा वाक्यं दोन आठवडे चालू द्या. मुलांकडून वदवून घेऊ नका, ती आपसूक म्हणू लागतात. गोष्ट आधी दोन दिवस मराठीत सांगा, तिसऱ्या दिवशी मुलांकडून करून घ्या, चौथ्या दिवशी त्याच गोष्टीचं चित्रांचं पुस्तक घेऊन इंग्रजीत. दर वाक्यामागे लगेच मराठी अर्थ सांगितला की मूल इंग्रजी ऐकायचंच सोडून देतं, कारण मराठी येणारच आहे हे त्याला कळतं. चाररेघी वही तर या वयात कपाटातच राहू द्या. बोटांत बळ येतं ते कणीक मळून, माती थापून, कागद फाडून.

आपल्या भागात घरची भाषा म्हणजे पुस्तकी मराठी, असंही धरून चालत नाही. तांड्यावरचं मूल बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतं, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीरकडे कन्नड, शहरांतल्या मोहल्ल्यांत दखनी उर्दू. अशा मुलाला मराठी हीच दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. निजामाच्या राजवटीत इथल्या मराठी मुलांना वरच्या वर्गांत उर्दूतून शिकावं लागत होतं, तेव्हा घराबाहेरच्या भाषेत शिकणं काय असतं ते या मुलखाला माहीत आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं म्हणतं. बालवाडीत ते पाळायला निदान मदतनीस मावशी तरी मुलांच्या भाषेची हवी.

सांभाळण्याबाबत तीनच गोष्टी. गच्चीवरच्या पत्र्याखाली भरणारी बालवाडी मार्चनंतर चालवू नये. मूल उन्हाने मलूल झालं तर त्याला काही ऐकू जात नाही. आणि संडासात बादलीभर पाणी आहे का, ते स्वतः आत जाऊन पाहावं. २०१६ साली रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात हा प्रश्न कोणी किरकोळ समजू नये. मोजणीच्या खेळासाठी हरभरे, शेंगदाणे, चिंचोके बालवाडीतल्या मुलांच्या हाती देऊ नयेत. ते नाकात जातात, घशात अडकतात.

प्रवेश घेण्याआधी वर्ग चालू असताना अर्धा तास कोपऱ्यात बसू द्या, असं पालकांनी मागावं. बाई मुलाच्या उंचीला वाकून बोलते का, रडणाऱ्याला कोण उचलतं, मूल घरच्या भाषेत बोललं तर काय होतं, हे त्या अर्ध्या तासात दिसतं. बसू देत नसतील, तर फी भरू नये. आणि जिल्हा प्रशासनाने प्रत्येक खासगी बालवाडीच्या दारावर मुलांची संख्या, शिक्षिकांची संख्या आणि मदतनिसांची संख्या मराठीत लिहिणं बंधनकारक करावं, ही आमची मागणी आहे.

आपल्या,
बालशिक्षण क्षेत्रातील काही शिक्षिका,
लातूर