पोरांचे आधार नंबर ग्रुपवर कशाला?

संपादक साहेब, नमस्कार. माझी लेक परभणीत बीएस्सीला आहे. परवा कॉलेजनं स्कॉलरशिपची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, नाव, जात, बँक खातं अन् आधारचे बाराच्या बारा आकडे उघडे, आणि ग्रुपमध्ये साडेतीनशे लोक, त्यात मागच्या वर्षी पास होऊन गेलेली पोरंही. फोन केला तर क्लार्क म्हणतो, "त्यात काय एवढं, सगळेच टाकतात." अहो, आधार कायदा २०१६ चं कलम २९ सांगतं की कुणाचा आधार नंबर असा जाहीर लावायचा नाही, अन् २०१७ ला सुप्रीम कोर्टानं खासगीपणा मूलभूत हक्क ठरवलाय. शेवटचे चार आकडे ठेवून बाकीचे झाकायला एक्सेलमध्ये अशी किती मिनिटं लागतात? यादी अजून ग्रुपवर तशीच आहे, ॲडमिन सुट्टीवर गेलाय म्हणे.

– एक पालक, परभणी