वीस गुंठ्यांचं बोलणं थांबवा

शहापूर, बेळगाव
रविवार, दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल दादाचा फोन आला. नाल्याकडच्या वीस गुंठ्यांसाठी बाबांनी गिऱ्हाईक बघितलंय, उताराही काढून आणलाय आणि हे सगळं माझ्या तत्त्वज्ञानाच्या एम.ए.साठी चाललंय म्हणे. मी फोन केला नाही, कारण फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि मनातलंच करतात. आई, हे पत्र तू मोठ्यानं वाचून दाखव. त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, कबूल करत नाहीत एवढंच.

जमीन विकावी इतका हा विषय महाग नाही. महाग होतं ते एक खाजगी विद्यापीठ, ज्याचं गुळगुळीत पुस्तक बाबांनी अजून देवघराच्या फळीवर जपून ठेवलंय. तिथली बाई आठवडाभर रोज फोन करायची, "मॅडम, दहा हजार भरून सीट ब्लॉक करा." मी तिला एकच विचारलं, तत्त्वज्ञान शिकवायला कायमचे प्राध्यापक किती आणि कोण कोण? तीन दिवसांनी उत्तर आलं, त्यात हॉस्टेलच्या एसी खोल्यांचे फोटो होते. ते पुस्तक आता रद्दीत घाला.

वहीत मी सगळा हिशेब मांडलाय. सरकारी विद्यापीठात एम.ए.ची फी हजारांत असते, तिनं कुणी बुडत नाही. माणूस बुडतो तो राहण्या-जेवणात. पुणे विद्यापीठाचा विभाग नावाजलेला, 'परामर्श' त्रैमासिक तिथूनच निघतं, उत्तरंही मराठीत लिहिता येतात. पण माझी मैत्रीण तिथं कॉट बेसिसवर नुसत्या खाटेचे साडेचार हजार मोजते, मेस वेगळी. बाबा म्हणणार, महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या 865 गावांच्या यादीत आपलं गाव आहे, महाराष्ट्रात सवलत मागू. मागू या की, पण ती मिळाली तरी फीत मिळणार, खाटेच्या भाड्यात नाही. गोवा विद्यापीठातही हा विषय आहे, पण भर पावसात चोर्ल्याच्या घाटातून आई मला पाठवेल असं वाटत नाही.

इग्नू या घरबसल्या शिकवणाऱ्या मुक्त विद्यापीठावर मात्र मी महिनाभर अडकले होते. कुठलीही पदवी चालते, पुस्तकं मिळतात, नोकरी सोडावी लागत नाही. पैशानं बघितलं तर तोच निर्णय बरोबर. पण दिवसभर शाळा करून रात्री खोलीत एकटीनं शंकराचार्य वाचायचे, तर माझं कुठं चुकलं हे मला सांगणार कोण? या विषयात समोर भांडणारं कुणीतरी लागतं. बाबा, ही खोड तुमचीच. पारायणाच्या दिवसांत रात्री अंगणात बसून तुम्ही 'अमृतानुभव' उघडायचा, पानात खूण म्हणून तुळशीची वाळकी काडी असायची. अज्ञानखंडनाच्या प्रकरणावर आलात की मला विचारायचा, "दिवा घेऊन अंधार शोधायला गेलं तर काय सापडेल गं?" मी काहीतरी बोलायचे, तुम्ही ते खोडून काढायचा. आई आतून ओरडायची, पोरीला झोपू द्या.

म्हणून "धर्म शिकायला कॉलेज कशाला, कीर्तन आहे की," हे तुमचं म्हणणं मला तुमच्याच तोंडी शोभत नाही असं वाटतं. कीर्तनात मधेच उठून बुवांना "हे कशावरून?" असं विचारता येत नाही. वर्गात तेच विचारायचं असतं. तिथं चार्वाकाची बाजूही शंकराचार्यांइतक्याच नेकीनं मांडावी लागते. जैन, लिंगायत, मुसलमान, ख्रिश्चन हे सगळे आपल्या बाजारात रोज भेटतात, आणि त्यांच्या विचारातलं मला सणांपलीकडे काही ठाऊक नाही.

तर मी धारवाडला, कर्नाटक विद्यापीठात फॉर्म भरणार आहे.

आई, इथं जरा थांब. त्यांना पाणी दे.

बाबा, आपला भाग कर्नाटकात घातला त्याच्या निषेधाला दर 1 नोव्हेंबरला तुम्ही काळी फीत लावून निघता. लहानपणी मीही तुमचं बोट धरून आले आहे आणि त्यातलं काही मी विसरलेले नाही. पण खानापुरात गाडीत बसलं की लोंढा, अळणावर करत धारवाड. सणावाराला मी घरी असेन. बी.ए.ला माझ्या तीन विषयांत तत्त्वज्ञान होतं, त्यामुळे नव्यानं सुरुवात करायची नाही. वर्गात इंग्रजी-कानडी चालेल, पहिले सहा महिने जड जातील. धारवाडचे कवी बेंद्रे तर घरी मराठी बोलायचे आणि ज्ञानपीठ मिळवलं कानडीत, 1973 साली.

मागच्या रविवारी हिंदवाडीत गुरुदेव रानडे मंदिरात गेले होते. तौलनिक तत्त्वज्ञान आणि धर्म यांची अकादमी त्यांनी 1952 साली इथं बेळगावात काढली, आणि मी सात वर्षं त्या रस्त्यानं नुसती ये-जा केली! माणूस जमखंडीत जन्मला, पुण्यात शिकला, अलाहाबादला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आणि पुढे कुलगुरू झाला, निंबाळला देह ठेवला. तुमच्या ज्ञानोबा-तुकोबांवर 1933 साली इंग्रजीत जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि कन्नड संतांवरही लिहिलं. त्यांना ही सीमा कुठं लागली असेल, काय माहीत.

नोकरीचं विचाराल. खोटं सांगत नाही, जागा थोड्या आहेत. यूजीसीच्या नेटमध्ये, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत, तत्त्वज्ञान हा विषय आहे, तौलनिक धर्माभ्यास वेगळा आहे. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37 हजार. नाही मिळाली तर बी.एड. करून शाळेतच परत येईन, आजच्यापेक्षा वाईट काही होणार नाही.

शाळेच्या पगारातले 64 हजार मी बाजूला ठेवलेत, पहिलं वर्ष त्यात निघेल. दुसऱ्यासाठी ट्यूशन घेईन. दादाकडून एक पैसा घेणार नाही, त्याचं घराचं कर्ज आहे.

तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. ट्रंकेत साडीच्या घडीखाली दहावीचं मूळ मार्कलिस्ट आहे, ते गुरुवारी येणाऱ्या माणसाकडे द्या. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलीय, तो नवा काढायला बाबांनी तालुक्याला जावं. जाताना तो उतारा परत ट्रंकेत ठेवायचा, आणि गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते आईनं सांगायचं. बाबांना "नाही" म्हणायला जमत नाही.

तुमची,
वैजू