‘एकच’ म्हणजे किती, हे कोण विचारणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला व्यसनाच्या निदानावरचा लेख वाचला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ठरावीक प्रश्नांची मुलाखत दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी घेतली तरी निकाल जुळतो, म्हणून ती भरवशाची, असे लेखक म्हणतात. निकाल जुळेल हो. पण दोघांनाही तेच चुकीचे उत्तर मिळाले असेल तर?

माझा धाकटा भाऊ उद्यमनगरात लेथवर काम करतो. त्याची अशी मुलाखत झाली तेव्हा भावजय आणि मी प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे बाकावर बसलो होतो. सगळे ऐकू येत होते.

“पिता त्या दिवशी किती ड्रिंक घेता?”

“एकच.”

त्याचे एक म्हणजे एक क्वार्टर, १८० मिली, तेही फक्त संध्याकाळचे. सकाळची तो दारूत धरतच नाही. दारूचे पिणे किती धोक्याचे हे मोजणाऱ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ प्रश्नावलीत एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या क्वार्टरमध्ये अशी सहा बसतात. या प्रश्नाला ‘एक-दोन’ म्हटले की ० गुण, ‘पाच-सहा’ म्हटले की २. पुढचा प्रश्न, सहा किंवा जास्त ड्रिंक किती वेळा होतात? ‘रोज’ला ४, ‘कधीच नाही’ला ०. एका ‘एकच’ने सहा गुण गेले आणि धोक्याची खूण असते ८ वर.

मग विचारले, “सकाळी हात थरथरतात का?” तो म्हणाला, नाही. नव्हतेच थरथरत, कारण साडेसहालाच त्याने पोटात टाकली होती. थरथर येऊ नये म्हणून पिणे हेही दारू तुटल्यावर होणाऱ्या त्रासाच्या त्याच लक्षणात मोडते, असे २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, स्पष्ट आहे. पण कागदावर उपप्रश्न नव्हता, म्हणून कुणी विचारला नाही. भावजयीची बोटे बाकाच्या कडेवर घट्ट आवळली होती. तिला आत कुणी बोलावले नाही, नंतरही काही विचारले नाही. त्या पुस्तिकेतल्या अकरा निकषांपैकी दोन भरले, शेरा पडला ‘सौम्य’.

दोन महिन्यांनी मोटारसायकलवरून पडून त्याचा पाय मोडला. दवाखान्यात दाखल केल्यावर तिसऱ्या रात्री तो चादरीवरच्या मुंग्या वेचू लागला. मुंगी एकही नव्हती. दारू अचानक तुटल्यावर असे होते, हे मला तेव्हा कळले. फाइलीत ‘सौम्य’ असल्याने कुणी लक्ष ठेवले नव्हते. नऊ दिवस आयसीयूत होता.

लेखकांना माझे सांगणे एवढेच. मुलाखत खरी की खोटी हे दुसऱ्या मुलाखतीशी ताडून ठरत नाही. रॉबर्ट स्पिट्झर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९८३ सालीच सांगून ठेवले आहे की, रुग्णाला पुढे काही काळ पाहा, जाणकार डॉक्टरांना पाहू द्या, घरच्यांसकट मिळेल तिथून माहिती गोळा करा आणि मग ताडा. आपल्याकडे किमान ‘ड्रिंक’ऐवजी क्वार्टर, हाफ, खंबा असे विचारा आणि सकाळची वेगळी विचारा. बायकांना तर मशेरीबद्दल कुणी विचारतच नाही, आणि त्या आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणे असते.

आणखी एक. त्याच पानावर खाली ‘घरच्या घरी, नकळत दारू सोडवा’ अशी पावडरीची जाहिरात होती. वर निदानाचा लेख आणि खाली हे! ती छापणे कृपया बंद करा. भावजयीने अशी पावडर दोनदा मागवून आमटीत कालवली होती. दोन्ही वेळचे पैसे मी दिले होते.

आपली,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव छापू नये, ही विनंती)