पहिला भाग असाही असतो

नव्या पर्वाचा पहिला भाग दणक्यातच सुरू व्हायला हवा, असा सूर हल्ली मालिकांच्या परीक्षणांत वारंवार दिसतो. ४ मार्च २००१ रोजी एचबीओवर ‘द सोप्रानोज’ या अमेरिकी मालिकेचे तिसरे पर्व सुरू झाले, तो भाग या मंडळींनी एकदा पाहावा.

न्यू जर्सीतल्या माफिया टोळीप्रमुखाच्या घरात चोरून ध्वनिमुद्रण यंत्र बसवायचे, एवढेच एफबीआयचे काम. घरातला प्रत्येक जण कधी बाहेर पडतो याचे टिपण होते. पोलिश मोलकरीणसुद्धा सुटत नाही. ती बिचारी नवऱ्यासोबत अमेरिकी नागरिकत्वाच्या परीक्षेची घोकंपट्टी करत असते! तळघरातल्या दिव्याचा हुबेहूब जोड बनवून यंत्र त्यात दडवायचे ठरते. नेमका तिथला पाणी तापवण्याचा बंब फुटतो आणि सरकारी बेत प्लंबरच्या येण्याजाण्यावर लटकतो. अखेर यंत्र बसते, पण कानावर पडतात त्या टोळीप्रमुख आणि त्याच्या बायकोच्या घरगुती गप्पा.

टोळीयुद्ध नाही, पाठलाग नाही. जुळा भाऊ गमावलेला टोळीतला पॅट्सी पिस्तूल घेऊन टोळीप्रमुखाच्या परसात येतो, तेवढाच जीव टांगणीला लागतो. बाकी सगळा भाग पाळत ठेवणाऱ्यांच्या नजरेतून, बराचसा विनोदी. गुन्हेगाराचे घर बाहेरून इतके चारचौघांसारखे दिसते, हेच अंगावर येते.

आपल्याकडे मात्र पहिल्या दहा मिनिटांत दोन मुडदे पडल्याशिवाय लेखकाला चैन पडत नाही. आणि वर ते कर्णकर्कश पार्श्वसंगीत!

– एक वाचक, डोंबिवली