पुस्तक सुचवण्याआधी वाचक ओळखावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाचकांनी एकमेकांना पुस्तके सुचवावीत म्हणून आपण पुरवणीत जागा देता, त्याबद्दल आभार. मात्र विज्ञानकथा आणि अद्भुतरम्य कादंबऱ्या यांच्या शिफारशी वाचताना असे जाणवते की, त्यांत शिफारस करणाऱ्याचे प्रेम भरपूर दिसते, पण ज्याने ते पुस्तक वाचायचे त्याचा विचार फारसा झालेला नसतो. या प्रकाराकडे प्रथमच वळणाऱ्याच्या हाती टॉल्किन यांची तीन खंडांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) किंवा आयझॅक असिमॉव्ह यांची 'फाउंडेशन' मालिका ठेवली जाते. तो पहिल्याच खंडात अडखळतो आणि हे साहित्य आपल्यासाठी नाही, असा ग्रह करून घेतो. दोन्ही कृतींच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण पहिलीच्या आरंभी हॉबिट या ठेंगण्या काल्पनिक लोकांच्या चालीरीतींवर लांबलचक उपोद्घात आहे, आणि १९५१ साली पुस्तकरूपात आलेले 'फाउंडेशन' बहुतांशी मासिकातल्या कथांतून सिद्ध झाल्यामुळे त्यात थोड्या थोड्या अंतराने पात्रे बदलतात व आकाशगंगेभर पसरलेल्या साम्राज्याचा ऱ्हास मुख्यतः संभाषणांतूनच कळतो. एवढे आधी सांगितले, तरी पुष्कळ वाचक टिकतील.

त्याहून बरे म्हणजे, समोरचा माणूस एरवी काय आवडीने वाचतो, हे आधी विचारावे. ऐतिहासिक कादंबऱ्यांत रमणाऱ्याला मी ऑक्टेव्हिया बटलर यांची 'किंड्रेड' (१९७९) सुचवीन. १९७६ सालच्या कॅलिफोर्नियात राहणारी डेना ही कृष्णवर्णीय लेखिका अकस्मात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मेरीलँडमध्ये, गुलामांच्या कष्टांवर चालणाऱ्या मळ्यावर जाऊन पडते आणि आपल्याच एका गोऱ्या पूर्वजाचा जीव तिला पुनःपुन्हा वाचवावा लागतो, कारण तो जगला नाही तर तिचा वंशच उरणार नाही. हा कालप्रवास कसा घडतो, याचा खुलासा कादंबरीत कोठेही नाही; खुद्द बटलर यांनीही तिला विज्ञानकथा म्हटलेले नाही. तरीही गुलामगिरी माणसाच्या सवयींत कशी मुरत जाते, हे इतक्या जवळून दाखवणारी ऐतिहासिक कादंबरी मला दुसरी सुचत नाही.

मनोविश्लेषणात्मक लेखन आवडणाऱ्यासाठी पोलिश लेखक स्तानिस्वाफ लेम यांची 'सोलारिस' (१९६१) आहे. एका ग्रहाला वेढणारा महासागर हाच सजीव आहे; त्याचा अभ्यास करायला आलेल्या शास्त्रज्ञांपुढे तो त्यांच्याच स्मृतींतील माणसे उभी करतो आणि नायकाला आपल्या मृत पत्नीशी पुन्हा सामना करावा लागतो. मधली काही प्रकरणे त्या महासागराविषयीच्या काल्पनिक संशोधनाच्या इतिहासात खर्ची पडतात. माझ्या मते तोच कादंबरीचा गाभा आहे, पण घाईत असलेल्या वाचकाला ती प्रकरणे जड जातात, हेही कबूल करायला हवे.

पुराणकथा आणि लोककथांची गोडी असणाऱ्याने अर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) पासून सुरुवात करावी. पुस्तक छोटे आहे, त्यात सैन्ये किंवा महायुद्धे नाहीत. अहंकारापोटी एका छायेला मोकळे सोडणारा तरुण जादूगार आणि त्या छायेचा पाठलाग, एवढाच विषय आहे. मालिकेतील पुढचे भाग न वाचताही ते पूर्ण वाटते, ही या प्रकारात दुर्मीळ होत चाललेली गोष्ट.

कादंबरीला वेळ नसेल, तर कथा आहेतच. 'कृष्णविवर' ही कथा डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने पाठवली होती. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, हा हेतू. त्यांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह विज्ञानाची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकालाही निर्धास्तपणे द्यावा. व्यक्तिचित्रणाची अपेक्षा मात्र बेताची ठेवावी, कारण तेथे कल्पना हीच नायक असते.

आपणास एक विनंती आहे. यापुढे शिफारशी छापताना, पुस्तक कोणत्या प्रकारच्या वाचकाला रुचेल आणि ते कोठे रेंगाळते, अशी दोन वाक्ये पत्रलेखकाकडून आवर्जून मागवावीत. कथानकाचा शेवट सांगणारी पत्रे मात्र कात्री लावूनच छापावीत.

आपला,
एक नियमित वाचक