आरसीसीबी काढू देऊ नकोस

वडोदरा
१४ जुलै

प्रिय मनोहर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. टबाचा ब्रेकर रोज पडतो म्हणून वायरमन आरसीसीबीच (विजेची गळती पकडून लाइन तोडणारा ब्रेकर) काढून थेट जोडणी करून द्यायला तयार आहे, हे वाचून आधी हेच लिहितो: तसं होऊ देऊ नकोस. काकूंच्या गुडघ्यांसाठी तू तो गरम पाण्याचा टब बसवलास. त्या गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या असताना वीज आणि त्यांच्यामध्ये तेवढीच एक गोष्ट उभी असते. ३० मिलीअँपिअर वीज वाट चुकून जमिनीकडे निघाली, की ती ०.३ सेकंदाच्या आत लाइन तोडते. ओल्या अंगाची विजेला होणारी अडवणूक फार कमी असते, म्हणून हा आकडा एवढा लहान ठेवलाय. ती पडतेय म्हणजे आपलं काम चोख करतेय. आता गळती कुठे आहे ते शोधायचं.

आधी पडतं काय ते नीट बघ. तुझ्या ब्रेकरच्या डबीत दोन वेगळ्या वस्तू आहेत. ३२ अँपिअरची एमसीबी जादा भाराला किंवा शॉर्टला पडते. टेस्टचं बटण असलेली आरसीसीबी फक्त गळतीला पडते, भार कितीही वाढला तरी तिला त्याचं काही नसतं. एमसीबी पडत असेल तर गोष्ट निराळी. ३ किलोवॉटचा हीटर २३० व्होल्टवर १३ अँपिअर घेतो, २ एचपीचा पंप साधारण ७-८ आणि ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारा पंखा) ३. बेरीज २४ च्या आसपास, म्हणजे ३२ मध्ये बसायला हवी. तरी पडत असेल तर स्क्रू ढिला असतो आणि तापून एमसीबीलाही तापवतो (टर्मिनलजवळचं वायरचं प्लास्टिक तपकिरी झालंय का बघ), किंवा पंपाचा कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा भाग) गेलेला असतो. तेव्हा मोटर नुसती घूं करते, फिरत नाही आणि काही सेकंदांत एमसीबी पाडते. ३२ च्या जागी ४० ची टाकणं हा इलाज नव्हे, त्याने आतली वायर जळेल.

पण तू लिहिलंयस की हीटर लागल्यावर दहा-बारा मिनिटांनी बटणवालीच पडते. ही खूण जवळजवळ नेहमी हीटरचीच.

त्याच्या आत काय होतं ते सांगतो. धातूच्या नळीत तापणारी तार असते आणि दोघांमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. पूड कोरडी आहे तोवर तार आणि नळी एकमेकांपासून तुटलेली असतात. तुमच्याकडे इंदूरला नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं म्हणून टब बोअरिंगच्या पाण्याने भरता ना? ते पाणी जड असतं. नळीवर क्षाराचा थर चढतो, उष्णता बाहेर पाण्यात जात नाही, नळी जास्त तापते आणि शेवटी तिला केसाएवढी चीर पडते. पूड ओल धरते. गार असताना गळती थोडी असते, तापल्यावर वाढते. म्हणून सुरुवातीला सगळं ठीक वाटतं आणि दहा मिनिटांनी घात होतो.

तपासणी अशी. डबीतला मेन बंद कर, त्यावर चिकटपट्टी लाव, घरात सगळ्यांना सांगून ठेव. टबाचं कंट्रोल पॅनेल उघडल्यावर टेस्टरवर विसंबू नकोस, मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही शून्य आहेत ना ते बघ. मोबाइलवर जोडण्यांचा फोटो काढ. मग हीटरच्या दोन्ही वायरी काढ. एकच काढून चालत नाही, कारण न्यूट्रलच्या बाजूनेही गळती होते आणि आरसीसीबी तीही पकडते. टोकं टेपने गुंडाळून पॅनेल बंद कर आणि टब हीटरशिवाय दिवसभर चालू दे, फक्त तोवर कोणी पाण्यात उतरू नये. नाही पडली तर चोर सापडला.

पडलीच, तर याच पद्धतीने ओझोनेटर (ओझोन सोडून पाणी शुद्ध करणारं यंत्र), ब्लोअर, पंप एकेक करून काढत जा. ब्लोअरमध्ये व्हॉल्व्ह निकामी झाला की पाणी उलटं शिरतं. पंपाच्या शाफ्टखाली पांढरा ओघळ दिसला तर सील गेलंय आणि पाणी वाइंडिंगपर्यंत पोचतंय. पावसाळा आहे, तेव्हा पॅनेलच्या तळाचं वायर येण्याचं भोकही बघ. ओल, मुंग्या, पाल, काहीही निघतं तिथून. एक गोष्ट लोक विसरतात: बागेतल्या दिव्याचा न्यूट्रल कोणी टबाच्या आरसीसीबीनंतरच्या न्यूट्रलला जोडला असेल, तर दिवा लावला की टब बंद पडतो आणि माणूस टब उघडत बसतो.

हीटरचं मोजमाप मीटरने: दोन टोकांमध्ये साधारण १७-१८ ओहम यायला हवेत. टोक आणि नळी यांच्यात काहीच यायला नको. साध्या मल्टिमीटरचा इथे भरवसा नाही, त्याचा दाब दोन-चार व्होल्टचा असतो. ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे मोठा दाब देऊन गळती मोजणारा मीटर, लागतो. वायरमनकडे नसेल तर ज्याच्याकडे आहे असा परवानाधारक माणूस बोलव. मेगर लावण्याआधी हीटर पॅनेलमधल्या कंट्रोल कार्डपासून पूर्ण सोडवायचा, नाहीतर ५०० व्होल्टमध्ये इलेक्ट्रॉनिक कार्ड जाईल. १ मेगाओहमच्या (दहा लाख ओहम) वर असेल तर हीटर बरा. त्याच्या खूप खाली, काही हजार ओहमवर आला असेल, तर मी तो दुरुस्त करत बसणार नाही. अडवणूक जेमतेम ७,७०० ओहमवर उतरली की २३० व्होल्टला ३० मिलीअँपिअर गळतात. शिवाय आरसीसीबी १५ ते ३० मिलीअँपिअरच्या मध्ये कुठेही पडू शकते, त्यामुळे चार वस्तूंची थोडी थोडी गळती मिळूनही ती पडते.

नवा हीटर महाराणी रोडवर मिळेल, पण जुना सोबत घेऊन जा: वॉट, लांबी आणि युनियनचा (पाइपला जोडणाऱ्या प्लास्टिकच्या नटाचा) व्यास तिन्ही जुळायला हवेत. दोन्ही ओ-रिंग (रबराच्या कड्या) नव्याच घाल. युनियन हाताने आवळ, पाना लावलास तर प्लास्टिक चिरतं. पाणी भरून पंप फिरल्याशिवाय हीटरला वीज द्यायची नाही, कोरडा तापला की काही क्षणांत जातो. थर धुवायचा असेल तर बाहेर काढलेला हीटर लिंबूफुलाच्या (सायट्रिक अॅसिड) पाण्यात, लिटरला ५० ग्रॅम या मापाने, तासभर बुडव. टोकं मात्र पाण्याबाहेर.

आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाब. दाबल्यावर पडली नाही तर त्याच दिवशी बदल. आणि दुरुस्ती झाल्यावर टबाची अर्थ वायर खेचून बघ. ती टर्मिनलला पक्की असायला हवी, नुसती पिळून ठेवलेली नको.

मला तीन गोष्टी व्हॉट्सअॅपवर पाठव: हीटर काढल्यावर पडली की नाही, मेगरचा आकडा आणि पॅनेलच्या तळाचा फोटो. तोवर काकूंना बादलीत गरम पाणी घेऊन शेक घ्यायला सांग. त्यांना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत